दोन आठवड्यांचं टेस्टिंग

दादाने हॉस्पिटलला सॉफ्टवेअर द्यायची तारीख देऊन टाकली आणि मग बहिणीला विचारलं, "छोटे, टेस्टिंगला किती वेळ लागेल?"

कंपनी दोघांची. तो कामं आणायचा, ती टेस्टिंग सांभाळायची. या वेळचं सॉफ्टवेअर तान्ह्या बाळांच्या वजनावरून औषधाचा डोस काढणारं होतं.

"सहा आठवडे."

"दोनात बसव."

"बसव काय? पोतं आहे का दाबून भरायला? चुका निघणार, त्या दुरुस्त होणार, मग सगळं पुन्हा तपासायचं. एकही चूक निघणार नाही असं धरून चाललायस तू."

"तुझं नेहमीचंच! आकडा फुगवून सांगायचा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दादा फोन कानाला लावून बाहेर पडलाही होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन आला. "तुमचा अंदाज मिळाला. दोन आठवड्यांत होतंय म्हणजे बरंच झालं. खाली तुमचंच नाव आहे, म्हणून निर्धास्त आहोत."

तिचं नाव! न विचारता! तिने मान वर केली. काचेच्या दारापलीकडे दादा उभा होता आणि हाताने 'नको, नको' करत होता.

"बाई, तो अंदाज माझा नाही," ती म्हणाली. "दोन आठवड्यांत फक्त नेहमीचे डोस तपासून होतील. वजन बदललं, औषध मध्येच थांबवलं, दोन औषधं एकत्र दिली, तर काय होतं ते कुणीच पाहिलेलं नसेल."

बाई म्हणाल्या, "मग घाई नको. सगळं तपासून होईपर्यंत आम्ही हाताने हिशोब करतो."

दादा तरातरा आत आला. "घरचं माणूस असून माझे पाय ओढतेस?"

"घरचं माणूस आहे म्हणून गप्प बसेल, असं वाटलं ना तुला?" तिने टेबलावर हात आपटला. "माझं नाव म्हणजे तुझा रबरी शिक्का नाही, दादा!"

चौथ्या आठवड्यात चूक सापडली. बाळाचं वजन बदललं तरी पडद्यावर डोस जुनाच राहत होता. तिने दादाला बोलावून दाखवलं. त्याने स्वतः वजन बदलून पाहिलं.

"दुरुस्त होईल ना?" एवढंच बोलला.

माफीचा एक शब्दही नाही. तिला वाटलं, याला गदागदा हलवावं.

पुढच्या क्लायंटकडे मात्र तो तिला सोबत घेऊन गेला, तोंड फुगवून. त्यांनी तारीख विचारली. दादाने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"आधी काम बघू दे, मग सांगते," ती म्हणाली.

परत निघताना त्याने गाडीचं दार उघडून धरलं. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ताडताड चालत बसस्टॉप गाठला.