सोनबाईची ओटी

माझ्या नवऱ्याची दर अखाजीला सासरी पाठवणी व्हायची. हसू नका, खरंच सांगते. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की पारावर सासरी निघालेल्या सोनबाईचा गाण्यांचा खेळ व्हायचा, आणि सोनबाई व्हायचे आमचे हे, वना. हिरवं लुगडं नेसून निघाले, की उंबऱ्यापाशी थांबायचे. मागं वळून आईला म्हणायचे, ‘माय वं, मना झोका सोडू नको.’ म्हणजे माझा अखाजीचा झोका उतरवू नको, मी परत येईन. बस्स, बायका डोळे पुसत उठायच्या आणि यांची खरोखरीची ओटी भरायच्या. गहू, नारळ, खण. त्यांनाही दोन दिवसांत सासरी जायचंच असायचं ना.

मी मात्र मागंच बसून राहायचे. बायकोनं नवऱ्याची ओटी भरायची, हे काय भलतंच. शिवाय जीव जळायचा माझा. माझी आई लग्नाआधीच गेली होती. मी सासरी निघाले तेव्हा कोणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, आणि या बाप्याला मात्र वर्षाला ढीगभर नारळ.

पुढे गावात व्हिडिओ आला आणि खेळ बंद पडला. यांनी मिशी ठेवली. लुगडं पेटीत गेलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात याच खेळावरून मुंबईवाल्यांनी काढलेला रंगीत पिच्चर दोंडाईच्याच्या टॉकीजला लागला. तेव्हाच चिंधाआबा आमच्या घरी येऊन बसले होते. खेळात ढोलकी तेच वाजवायचे. ‘वना, औंदा अखाजीले खेळ लावूत,’ म्हणाले. हे म्हणाले, ‘आधी पिच्चर पाहू. पाठवणीला लोक रडले, तर माझी काय गरज?’ आणि मला म्हणाले, ‘मग त्या लुगड्याची गोधडी शिवून टाक.’ बोलले हसत, पण त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली त्यांनी.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अख्खं गाव दोंडाईच्याला गेलं. टॉकीजच्या दारात पाहते तर काय, बायकांच्या हातात गहू-नारळाच्या पुरचुंड्या. सोनबाईला बघायला निघायचं म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं, असं शेजारच्या भिकुबाईनं सगळ्यांना बजावलं होतं. मी कपाळावर हात मारला.

पिच्चर देखणा होता, खोटं कशाला बोलू. आणि पाठवणी आली. नदीकाठ, पालखी, चार घोडे, वाजंत्री. भिकुबाई नारळ घेऊन उभी राहिली, तिच्यामागं बाकीच्या. मागचे लोक ‘खाली बसा’ म्हणून ओरडायला लागले. तेवढ्यात पालखी उंबऱ्यावरून जी निघाली, ती थांबलीच नाही. घोडे धावत सुटले आणि गाणंही संपलं. भिकुबाई अंधारात विचारते, ‘माय, वटी कोनले भरू?’ सगळ्या खाली बसल्या.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी सगळ्यांना कंठ फुटला. पोरांना हिरॉईन आवडली. चिंधाआबांना घोडे आवडले. ढोलकीबद्दल मात्र ते बरंच वाईट बोलले. हे एका बाजूला उभे होते, हातातला रस तसाच. शेवटी त्यांनी एकच विचारलं, ‘पाठवणीले रडू उनं का कोनले?’

मी भिकुबाईकडं बघितलं.

भिकुबाई म्हणाली, ‘नदी खरी शे, घोडा खरा शे, बठ्ठं खरं शे. पन पोर मांघे वळनी नही, भाऊ. मनी वटी तशीच ऱ्हायनी.’ मग पुढे होऊन म्हणाली, ‘उपरनं पसर.’

भर बाजारात, मिशीवाल्या माणसानं डोक्यावर उपरणं घेतलं आणि त्याची दोन टोकं पुढं धरली. रसवाला चरक थांबवून बघत राहिला. एकेक बाई गहू ओतत गेली. हे रडत होते आणि गहू सांडत होते. कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर यांनी आरसा मागितला आणि मिशी उतरवली. मी लुगडं उन्हात टाकलं.

त्या अखाजीला खेळ झाला. उंबऱ्यावर हे वळले, आणि माझे पाय आपोआप उठले. लोक काय म्हणतील याचा विचारच आला नाही. ओटी भरताना मला असं रडू फुटलं की थांबेना. माझ्या स्वतःच्या पाठवणीचं राहिलेलं सगळं रडून घेतलं मी. तेव्हा ओठ न हलवता हे मला हळूच म्हणाले, ‘रडू नको, येडे. मी कुठं चाललो? उद्या घरीच आहे.’

आता ते जाऊन तीन वर्षं झाली. अखाजीला लुगडं काढते, उन्हात टाकते. दुपारभर त्याच्यापाशी बसते, आणि तेच वाक्य ऐकू येतं.