मागणीनंतर तिसऱ्या दिवशी

“मागताच उघडून द्यावे, एवढं लिवू नका, मुन्शीजी,” धुरपदाबाई म्हणाली.

मानवतच्या कचेरीसमोर, निंबाखाली, बन्सीधरचा टाक दौतीवरच थांबला. भाडेचिठ्ठी धुरपदाबाईच्या पेवाची होती. व्यंकटराव आडत्याला त्या जमिनीखालच्या कोठारात यंदाची ज्वारी भरायची होती. तीस वर्षं बन्सीधरने असे कागद उर्दूत लिहिले होते. मागल्या साली जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, तेव्हापासून तो तोच मजकूर मराठीत उतरवत होता. चारी बाजूंना कोण, मुदत किती, आणि भाडेकरूने मागताच मालकाने पेव उघडून द्यावे. शेवटची अट तो न थांबता लिही.

त्याने कारण विचारलं.

“चार सालामागं तुमीच लिवलं होतं. भाव चढला तसा तवाचा आडत्या कागद घेऊन दारात आला. ह्यांनी पेवाचं तोंड उघडलं अन् तसेच आत उतरले. मी म्हणलं, आजचा दिस ऱ्हाऊ द्या. तर म्हणले, कागदात हाय.”

तिचा नवरा सूर्यभान पेवातच मेल्याचं बन्सीधरला ठाऊक होतं. वाफ लागली, असं लोक म्हणाले होते. जमिनीखाली कोंडलेला दाणाही श्वास घेत असतो. त्याने सोडलेला वायू महिनोन्‌महिने साचतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे झाकण काढलं तरी तळाशी बसून राहतो. त्याला रंग नसतो, वास नसतो; त्यात माणूस गुदमरतो. बन्सीधरला यातलं काही माहीत नव्हतं. कागदातलं वाक्य मात्र त्याचं होतं.

धुरपदाबाईचं म्हणणं एवढंच होतं, की मागणी आल्यावर पेव दोन दिवस उघडं ठेवायचं, निंबाचं डहाळं दोरीने खालीवर करायचं, कंदील सोडून तो जळत राहतो का बघायचं. माणूस उतरेल तो तिसऱ्या दिवशी.

व्यंकटराव हसला. “मावशे, भाव काय तुमच्या कंदिलासाठी थांबून ऱ्हातोय व्हय?”

पेठेत पेवांना तोटा नाही, असंही त्याने सुनावलं. ते खरं होतं. सूर्यभान गेल्यापासून धुरपदाबाईच्या पेवाकडे कुणी फिरकलं नव्हतं. व्यंकटराव आला होता तो मुरमाची कोरडी जागा पाहून. तो उठून गेला असता तर दुसरा येणार नव्हता. हे तिलाही कळत होतं. तरी तिने अंगठा पदरात धरून ठेवला.

बन्सीधरने टाक पुसला आणि तिने सांगितलं तसं लिहिलं. बाळबोध अक्षराला अजून हात बसला नव्हता, वेळ लागला. मग रिवाजाप्रमाणे त्याने सगळा कागद मोठ्याने वाचला.

“ते खोडा,” व्यंकटराव म्हणाला.

साक्षीला त्याचाच हमाल मुंजाजी बसला होता. अंगठ्याला शाई लागलेली, हात तसाच वर.

“मालक, उर्दूतले लय कागद ऐकले म्या. वाचणं झालं की अंगठा द्यायचा, एवढंच ठावं होतं. हे समदं कळलं. उतरायचं मलाच हाय. खोडणार असाल तर अंगठा बी न्हाई अन् उतरणं बी न्हाई.”

व्यंकटरावाने त्याच्या वर धरलेल्या हाताकडे बघितलं. पेवात उतरणारी माणसं गावात दोन-तीनच उरली होती.

“ऱ्हाऊ द्या तसंच,” तो शेवटी म्हणाला. “पर कंदील कुणाचा?”

“माजा. तेबी लिवा,” धुरपदाबाई म्हणाली आणि पदरातून हात काढला.

ज्येष्ठात मागणी आली तेव्हा बन्सीधर पेवापाशी गेला. कागदात लिहिलेली जागा तो जन्मात पहिल्यांदा पाहत होता. गाडी तयार उभी होती, पण बैल सोडून ठेवले होते. मुंजाजी काठावर उकिडवा बसला होता.

धुरपदाबाईने कंदील दोरीने खाली सोडला. पुरुषभर खाली गेला, ज्योत बारीक झाली, आणि वारा नसताना विझली.

बन्सीधरने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. धुरपदाबाईने कंदील वर ओढला, पदराने काच पुसली, आणि उद्यासाठी त्यात तेल घातलं.