रेडिओला सरावलेली हरणं

"अगं, आवाजाला सगळेच सरावतात," काकू म्हणाल्या होत्या. "हरणं आठवड्यात सरावतील, आणि तू त्यांच्या आधी."

तिने ते हसण्यावारी नेलं. कडेवर लेक, गॅसवर दूध, अशा घाईत शहाणपण ऐकून घ्यायला सवड कुणाला? तिला फक्त परसातला पालक वाचवायचा होता.

परस म्हणजे तरी काय, दोन चादरी अंथराव्यात एवढी जागा. पालक, घेवडा आणि कडेला थोडं बीट. लेकीचं वजन भरत नव्हतं. "वरचं सुरू करा, ताजी भाजी शिजवून, कुस्करून द्या," असं डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या आणि हिने ते काळ्या दगडावरची रेघ मानलं. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकली होती, पण पानं हरणांच्या तोंडून कशी वाचवायची, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

मागच्या झाडीतून हरणं यायची, पाहुण्यांसारखी निवांत. जाळी लावली, तर ती जाळीवरून उडी मारून आली. साबणाच्या वड्या टांगल्या, त्यांचा वास घेऊन ती पुढे सरकली. कुणीतरी सांगितलं म्हणून न्हाव्याकडून पिशवीभर केस आणून तिने वाफ्याभोवती पसरले. नवरा म्हणाला, "उगवले तर थोडे माझ्या डोक्यावर लाव." त्याचं काय जात होतं, तो पाळीला निघून जायचा. शेंडे खुडलेला घेवडा हिलाच बघावा लागायचा.

कुंपणापलीकडे काकू राहायच्या. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या, आता निवृत्त आणि एकट्या. मुलगा दूरच्या गावी नोकरीला गेला तेव्हा निघताना हिला म्हणाला होता, "वहिनी, आईला मधूनच चक्कर येते. कबूल करत नाही. जरा लक्ष असू द्या."

"निर्धास्त जा," ती म्हणाली होती, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई ती. लक्ष ठेवणं तिला सांगावं लागत नव्हतं. रोज सकाळी लेकीला कडेवर घेऊन ती काकूंच्या दारात उभी राहायची. काकू म्हणायच्या, "आली गं बाई हजेरी घ्यायला."

काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी हिच्या वाफ्यावर उघडायची. तिथे दिवसभर रेडिओ लावून ठेवायची कल्पना हिचीच. "गाणी नकोत काकू, गप्पांचं स्टेशन लावा. माणसं आहेत असं वाटलं पाहिजे त्यांना."

"जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली," काकू म्हणाल्या, "आता हरणांनाही लाइन जोडून देते." मग त्यांनी ते सरावाचं सांगितलं, आणि वर रेडिओही लावला.

आणि चमत्कार झाला. हरणं झाडीच्या कडेला थबकायची, कान टवकारायची आणि परत फिरायची. पालक तरारला. लेकीने पहिला चमचा गिळला, दुसरा हिच्या गाऊनवर उडवला.

सकाळी रेडिओ लागला की हिला कळायचं, काकू उठल्या. संध्याकाळी बंद झाला की कळायचं, काकूंनी आता जेवायला घेतलं. मग दारात जाऊन उभं राहायची गरज काय? एक दिवस लेकीला सर्दी होती म्हणून राहिलं, एक दिवस कपडे वाळत घालायचे होते म्हणून. आवाज येत होता ना.

मग एका संध्याकाळी रेडिओ बंद झालाच नाही. तिला वाटलं, काकूंनी रात्रीसाठीही चालू ठेवला. किती करतात आपल्यासाठी. सकाळी बातम्या कानावर पडल्या आणि ती मनात म्हणाली, उठल्या काकू.

लेकीला भरवून ती मागे आली, तर वाफ्यात हरणं. एक मादी आणि तिचं पिल्लू, थेट काकूंच्या खिडकीखाली, सावकाश पालक खात होती. रेडिओवर दोघे जण रस्त्यांच्या दुरुस्तीवर हुज्जत घालत होते आणि मादी जणू ते ऐकत चावत होती.

तिला हसूच आलं. जिंकल्या काकू. हे त्यांना सांगायलाच हवं, म्हणून लेकीला उचलून ती त्यांच्या दाराशी गेली. कडी वाजवली. "काकू, तुमचंच खरं झालं, या बघायला."

आत माणसं बोलत होती. काकू बोलत नव्हत्या.

पुन्हा वाजवली. दाराला आतून कडी होती. ती धावत खिडकीशी आली, गजांतून हात घालून तिने चाचपडत रेडिओचं बटण फिरवलं.

एकदम सगळं शांत झालं. हरणांनी माना वर केल्या आणि दचकून ती उधळली, बोलण्याने नव्हे, बोलणं थांबल्याने. आणि त्या शांततेत आतून आवाज आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

ओट्याच्या पलीकडे फरशीवर एक हात दिसत होता. हातात वाटी होती. काकू ती फरशीवर आपटत होत्या. केव्हापासून, ते विचारायची तिची हिंमत झाली नाही.

रुग्णवाहिकेला फोन केला, नवऱ्याला केला, सुताराला केला. "निघालोच," सगळे म्हणाले. मग करण्यासारखं काही उरलं नाही. गज हलेनात, दार उघडेना, लेक रडून लालबुंद झाली. ती गजांना धरून एकसारखी बोलत राहिली, "काकू, मी आहे. येताहेत सगळे. मी इथेच आहे." वाटी वाजली की बोलायची, नाही वाजली की जास्त मोठ्याने बोलायची. तिच्या पाठीमागे मादी परत आली. पिल्लूही आलं. बिटाची पानं तुटल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. ती वळली नाही.

दार फोडलं तेव्हा काकू शुद्धीवर होत्या. त्यांनी हिच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, शब्द आला नाही. अजून आलेला नाही. मुलगा येऊन उशाशी बसलाय. तो हिला एका शब्दानेही बोलत नाही, आणि तेच तिला सोसवत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. ती रोज दवाखान्यात जाते, लेकीला त्यांच्या उजव्या हाताशी बसवते. ती बोटं अजून हलत नाहीत. लेक ती धरून ओढते.

वाफा आता उघडाच आहे, खायचं ते खाऊ दे हरणांना.

भेटेल त्याला ती एकच सांगते, म्हणून तुम्हालाही. तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल आणि त्यांचा टीव्ही चालू असेल, नळ वाहत असेल, रेडिओ बोलत असेल, तर तेवढ्यावर जाऊ नका. हे वाचणं राहू दे बाजूला. उठा, त्यांचं दार वाजवा, आणि त्यांनी स्वतः ओ दिल्याशिवाय परत फिरू नका.