बॅटरीची खांदमळणी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच भंगारवाल्याकडे बघतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी आजही नवीन जालन्यात रोज विजेवरचा ऑटो ओढते आणि कुरकुर करत नाही. निदान कुणाला ऐकू जाईल अशी तरी नाही.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला कामाला लावलं ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं. धूर न सोडणारी वाहनं मराठवाड्याच्या उन्हात कितपत टिकतात, यावर गंधाली नावाची मुलगी संशोधन करत होती. ती मूळची जालन्याचीच. तिने आम्हा आठ सारख्या बॅटऱ्या आठ ऑटोंमध्ये बसवल्या आणि आठ चालकांच्या हाती दिल्या. तीन वर्षं नीट चालवा, मग ऑटो तुमचाच, असं ठरलं. अट एकच होती. बॅटरीचं झाकण उघडायचं नाही. उघडलं तर ऑटो परत.

मी दैवशालाबाईंच्या वाट्याला आले. पूर्वी त्या दुसऱ्यांच्या शेतात रोजाने खुरपायला जात. आता त्या साडीवर खाकी शर्ट चढवून स्टेशनवरची माणसं बियाण्यांच्या कंपन्यांत, बँकांत सोडू लागल्या. ऑटो गेला तर पुन्हा खुरपं हातात येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मेच्या उन्हात मी दुपारी तापून घरी येई. बाकीचे चालक आल्या आल्या चार्जर लावत. दैवशालाबाई मात्र मला कडुलिंबाखाली तासभर नुसतं उभं ठेवत. मला वाटे, बाई विसरभोळ्या दिसतात.

त्यांची माया दुसऱ्या वर्षी मला चांगलीच भोवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि माझी चक्क खांदमळणी केली. बैलाच्या खांद्याला चोळतात तसं हळद-लोणी मला चोळलं आणि हात जोडून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

खरं सांगते, मी गहिवरले. मला तोवर कुणी इतक्या मायेनं हात लावला नव्हता. पण लोणी वितळलं आणि नेमकं एका खोबणीत शिरलं. दिवसातून एकदा माझ्या ताकदीचा आकडा त्या खोबणीतून गंधालीच्या संगणकाकडे जातो. एकोणीस दिवस तिकडे काहीच पोचलं नाही.

गंधालीचे मार्गदर्शक कल्याण सर कडक. "कुणीतरी झाकण उघडलेलं असणार. तसं असेल तर बॅटरी अभ्यासातून काढ, ऑटो परत आण," त्यांनी फर्मावलं.

गंधाली आली. झाकण निघालं तसा आंबूस वास सुटला. दैवशालाबाईंना उंदराचं नाव घेऊन बघता आलं असतं. माझा जीव टांगणीला लागला.

"म्याडम, म्याच उघडलं," त्या म्हणाल्या. "बैलाची करतेत तशी खांदमळणी केली हिची. चुकलं माझं. पण दुसरा तरास दिला न्हाई बिलकुल. उन्हातून आली की तासभर सावलीत ठिवते, मंग वायर लावते."

"तासभर? कशासाठी, ताई?"

"कशासाठी म्हंजी? बैल तापून आल्यावर लगीच पाणी पाजतेत का कुणी?"

गंधाली तिथेच ओट्यावर बसली. दोन उन्हाळ्यांत बाकीच्या सात बॅटऱ्यांची ताकद झपाट्याने उतरली होती, माझी जेमतेम. याचं कारण ती कधीपासून शोधत होती. तापलेली बॅटरी लगेच चार्ज केली की लवकर झिजते, हे तिला माहीत होतं. पण आठ जणांत एक बाई रोज बॅटरीला विसावा देते, हे कुठल्याच आकड्यात आलं नव्हतं.

तिने सरांना फोन लावला. "सर, ऑटो मी आणणार नाही. उरलेल्या सातांपैकी चार बॅटऱ्यांना पुढचा उन्हाळाभर असाच विसावा देऊन बघू. फरक पडला नाही, तर ऑटो मी स्वतः चालवत घेऊन येईन."

सर नाइलाजाने तयार झाले. पुढच्या उन्हाळ्यात त्या चौघींची झीज मंदावली. तिघी उतरतच राहिल्या. गंधालीने अहवालात सगळं लिहिलं, दैवशालाबाईंच्या नावासकट.

"लोण्याचं गाळून टाक. लोक हसतील," सर म्हणाले.

"हसू देत, सर. घडलं ते असंच घडलं."

सरांनी सही केली. तीन वर्षं भरली त्या दिवशी ऑटो दैवशालाबाईंच्या नावावर झाला आणि माझ्या अंगावर झेंडूचा हार पडला. झाकणाच्या बाहेरून, बरं का!

मित्रांनो, यंत्रांनाही दम खाऊ द्या. तुमचा मोबाइल उन्हात तापला, तर आधी सावली द्या, मग चार्जर. लोणी मात्र भाकरीवरच घ्या. आणि हातून काही चुकलंच, तर ते मोकळेपणाने सांगा. त्या दिवशी दैवशालाबाई गप्प राहिल्या असत्या, तर तो तासभराचा विसावा कुणालाच कळला नसता, आणि आज भर उन्हात त्या दुसऱ्याच्या शेतात खुरपत बसलेल्या असत्या.