विश्वाच्या रंगाचा डबा

रंगाच्या दुकानात ताईच्या नजरेला तोड नव्हती. गिऱ्हाइकाने भिंतीचा नखाएवढा टवका आणावा आणि तिने तोच रंग डब्यात उतरवून द्यावा. पण घरी या नजरेला विचारतो कोण? तिथे कौतुक सगळं धाकटीचं. धाकटी वेधशाळेत होती, आणि आता तर तिने अख्ख्या विश्वाचा रंग काढला होता. सगळ्या ताऱ्यांचा उजेड एकत्र केला, तर माणसाच्या डोळ्याला तो कसा दिसेल, याचं गणित. आई ते ज्याला त्याला सांगत सुटली आणि ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. रंग हा तिचा प्रांत, तिथेही हिने नाक खुपसावं!

एका दुपारी धाकटी दुकानात आली.

"ताई, एवढा रंग बनवून दे ना. परवा पत्रकारांना फलक रंगवून दाखवायचाय."

तिच्या कार्डावर एक फिकट हिरवा चौकोन होता आणि शेजारी तिच्या गणिताच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने पांढरा म्हणून धरलेला दुसरा.

ताईने सवयीने कार्ड दारातल्या उन्हात नेलं, शेजारी स्वतःचा पांढरा कागद धरला. धाकटीचा पांढरा चक्क गुलाबी होता. गुलाबीलाच पांढरं धरलं की बाकीचं हिरवट दिसणारच. दुकानात नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. विश्व हिरवं नव्हतंच मुळी, साधं दुधाळ पिवळसर होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही. पण डोळ्यांसमोर आईचा फुललेला चेहरा आला, आणि ताई म्हणाली, "छान आहे हं."

मग तिने इमानेइतबारे हिरवा रंग घोटून दिला आणि धाकटी तोंडावर कधी आपटते याची वाट पाहत बसली.

आठवड्याभरात दुसऱ्या वेधशाळेने चूक काढली. धाकटीने त्याच दिवशी पत्रक काढलं: चूक माझीच. झालं, आईला नवं निमित्त मिळालं. "चूक कबूल करायला काळीज लागतं!"

संध्याकाळी धाकटी दुकानात आली, डोळे रडून सुजलेले.

"ताई, खरं सांग. तू कार्ड उन्हात बघितलंस. तुला दिसलं होतं ना?"

गल्ल्यावरच्या मालकाने मान वर केली.

"नाही गं," ताई म्हणाली. "मला नाही कळलं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "तुझ्या नजरेतून सुटलं, मग माझी काय कथा! थांब, आईला सांगते." आणि तिने तिथूनच फोन लावला.