ढब्बूचं नाक

ढब्बू हा कस्टमच्या श्वानपथकातला कुत्रा. नशेच्या गोळ्या हुडकायचं त्याचं काम, आणि कामाच्या नावाने आनंदीआनंद! सरावात पठ्ठ्या एकदम तरबेज. पथकाचे साहेब स्वतःच्या हाताने गोळ्यांच्या नमुन्याची पुडी पार्सलांत लपवायचे आणि ढब्बू थेट तिच्यासमोर जाऊन ताठ बसायचा. खऱ्या मालापुढून मात्र शेपूट हलवत निघून जायचा. शेवटी हुकूम आला. मुख्यालयातल्या मॅडम शुक्रवारी परीक्षा घेणार. नापास झाला तर ढब्बूची रवानगी कुठल्या तरी लांबच्या पिंजऱ्यात. त्याला सांभाळणाऱ्या हवालदाराच्या घशाखाली घास उतरेना. पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं त्याला.

गुरुवारी संध्याकाळी हवालदाराच्या आईने गुडघ्याला चोळायला बामची डबी उघडली. ढब्बू उठला आणि तिच्यापुढे ताठ बसला, नाक गुडघ्याकडे.

"बघ, रोज असा बसून माझं दुखणं ऐकतो," आई म्हणाली. "तुला आहे का कधी वेळ?"

हवालदाराने कपाळावर हात मारला. साहेबांची कंबर बारा महिने धरलेली, हातांना सदा बामचा वास. त्यात स्वभाव संशयी. एखादी गोळी कोणी लांबवू नये म्हणून पुडीवर प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक गुंडाळायचे. गोळ्यांचा वास आत कोंडलेला, बाहेर नुसता साहेबांचा! बिचारा ढब्बू इतकी वर्षं इमानेइतबारे बाम शोधत होता. पण हे साहेबांना सांगायचं कोणी?

शुक्रवारी पार्सलांच्या शेडमध्ये मॅडमनी मुख्यालयातून आणलेली पुडी स्वतः लपवली. ढब्बू तिच्याजवळून खुशाल पुढे गेला आणि साहेबांसमोर ताठ बसला. शेडभर खसखस पिकली.

"घेऊन जा रे या ठोंब्याला!" साहेब कडाडले.

हवालदाराने डोळे पुसत पट्टा ओढला. पण ढब्बूनेच त्याला फरफटत कोपऱ्यातल्या खोक्यापाशी नेलं आणि तिथे बैठक मारली. खोक्यावर लिहिलं होतं : सांधेदुखीवरचा बाम. झालं! उरलीसुरली अब्रूही गेली, असं हवालदाराला वाटलं.

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

वर बामच्या डब्या. खाली गोळ्यांच्या थैल्याच थैल्या.

"कुत्र्यांना चकवायला वर बाम भरलाय, आणि हा पठ्ठ्या फसला नाही!" मॅडम थक्क झाल्या. "याला तयार कोणी केलं?"

"मी," साहेबांनी छाती फुगवली. "या माझ्या हातांनी."

"मग यापुढे सगळीच कुत्री तुमच्या हाताखाली. आणि ढब्बू इथेच राहील."

हवालदाराने ढब्बूच्या मानेत तोंड खुपसलं. खरं काय ते ओठांवर आलं होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवारी त्याने साहेबांच्या टेबलावर बामची नवी डबी ठेवली.

"आईने पाठवलीय. हात आखडता घेऊ नका साहेब, रोज भरपूर चोळा. तुमची कंबर आमच्या घरचीच आहे असं समजा."

साहेबांना गहिवरून आलं. टेबलाखाली ढब्बू ताठ बसला होता.