सशाच्या नाकाएवढी उंची

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे; लोखंडी जाळीचा, सहा खणांचा आणि आता गंजाने तांबूस झालेला. इतरांना कोंडण्यासाठीच माझा जन्म झाला. परंतु एका हिवाळ्यात मी स्वतःच कसा कोंडला गेलो, ते तुम्हांस सांगतो.

एका वेल्डरने मला घडविले. दोन एकर जमीन कसणाऱ्या एका जोडप्याने मला आणून घरामागच्या पडवीत भिंतीला जखडले. घरधनीण तोवर दूरच्या कारखान्यात शिवणकाम करी आणि महिन्यातून एकदाच घरी येई. तिने नवऱ्याला बजावले होते, "ससे चालले तर घरी राहीन. नाही चालले तर परत मशीन आहेच." माझ्या सहा खणांवर असा एका संसाराचा भार होता.

पहिले वर्ष सुखाचे गेले. धनीण ओला पाला सुकवून मगच घाली. कोणती मादी केव्हा व्याली, हे ती खडूने भिंतीवर लिही. आमच्यासह आसपासच्या सहा घरांनी मिळून एका व्यापाऱ्याला दरमहा साठ निरोगी ससे देण्याचे ठरविले. एकट्याच्या आवाक्यात नसलेले काम सहा घरांनी सहज पेलले.

पुढे कडाक्याची थंडी पडली. काजळी नावाच्या काळ्या मादीला आठ पिले झाली. "बाळंतीण आहे, वारा लागायला नको," असे म्हणत धन्याने मला चोहोबाजूंनी जाड प्लॅस्टिकने गुंडाळले. भाजीच्या वाफ्यांना खत होईल म्हणून लेंड्याही माझ्या खालीच साठू दिल्या. शेजारी कौतुकाने म्हणाला, "माझ्या घराची खिडकी लागत नाही धड, आणि तुझ्या सशांना काचमहाल."

त्या महालात मूत्राचा उग्र दर्प दाटला. पिले शिंकू लागली, त्यांचे डोळे चिकटले. शिंक कानी पडली की धनी उरलेली एखादी फट शोधून तीत चिंधी कोंबी. जितकी माया वाढे, तितका कोंडमारा वाढे. माझ्या जाळीला सहस्र छिद्रे. पण हाक मारावयास एकही मुख नाही. रोज सकाळी एखादे पिलू निष्प्राण सापडे. पाचवे गेले, त्या दिवशी धनिणीने आपली पिशवी भरून दाराशी ठेवली.

तेवढ्यात त्या सहा घरांनी बोलावलेल्या पशुवैद्य बाई आल्या.

"वारा बाधलाय हो पिलांना," धनीण म्हणाली.

"उभ्यानं नाही कळायचं. खाली बसा. प्लॅस्टिक उचला नि सशाच्या नाकापाशी नाक न्या."

धनीण वाकली आणि क्षणात झोंबलेले डोळे पुसत मागे सरली.

"आम्ही तर बाळंतिणीसारखं जपलं," धनी पुटपुटला.

"बाळंतिणीच्या उशाशी उकिरडा घालतं का कुणी?" बाई म्हणाल्या. "वाऱ्याच्या बाजूचा पडदा राहू दे, बाकीचे काढा. लेंड्या रोज उचला, खताचा खड्डा लांब करा."

धन्याने विळा घेतला आणि बाकीचे प्लॅस्टिक टराटरा फाडले. कित्येक दिवसांनी माझ्यातून वारा वाहिला. औषधपाणी होऊनही आठांपैकी दोनच पिले जगली. त्या महिन्यात आमचे ससे कमी पडले. बाकीच्या पाच घरांनी आपले दोन-दोन अधिक देऊन साठ पुरे केले. पिशवी तरीही पंधरा दिवस दारापाशीच होती. पुढची पिले डोळे उघडून धडधाकट हिंडू लागली, तेव्हाच धनिणीने पिशवीतील लुगडी पुन्हा दांडीवर टाकली.

आजही ती रोज सकाळी दाणा घालण्यापूर्वी माझ्यापुढे गुडघे टेकून दीर्घ श्वास घेते. पाहणाऱ्याला वाटावे, पूजाच करते आहे.

मित्रांनो, कोंडणे हा माझा जन्मधर्म. तो मी टाळू शकत नाही. मात्र माझी कडी बाहेरून आहे, आणि ती तुमच्या हाती आहे. ज्याला तुम्ही मायेने जपता, त्याच्याजवळ कधीतरी वाकून बसा आणि तो घेतो तोच श्वास घेऊन पाहा.